कोणी ढकललं?

वर्धा शहराला लागून मेघे हे उपनाव लावणारी गावं बरीच आहेत. सावंगी मेघे, बोरगाव मेघे, उमरी मेघे, आणि त्यांतलंच एक सिंदी मेघे. शहराची वस्ती सरकत सरकत इथपर्यंत आली, घरासमोर सिमेंटचे रस्ते झाले, बऱ्याच घरांत आता वावर नाही की बैल नाही. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो तेव्हा प्रत्येक घरातून एक लाकडी नंदी निघतोच. चाकांवरचा, रंगवलेला, गळ्यात घुंगरू बांधलेला. दोर हातात धरून पोरं तो ओढत नेतात, तोरणाखाली रांग लावतात आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे सणाचे पैसे-खाऊ, गोळा करतात.

पुढची गोष्ट रचलेली आहे, माणसांची नावंही माझीच. त्यात दाताबद्दल, दुधाबद्दल आणि तारेबद्दल जे येतं ते मात्र खरं आहे. ते घराघरात माहीत व्हावं म्हणूनच ती सांगतो आहे.

चिनू आठ वर्षांचा, तिसरीतला. समोरच्या घरातली परी चौथीत. दोन्ही घरांच्या मधून एक नाली जाते आणि त्या नालीवरून दोन्ही घरांत वर्षानुवर्षं वाद आहे. पाणी कोणाच्या अंगणात तुंबतं, फरशी कोणी पुढे सरकवली, असा. मोठी माणसं एकमेकांशी कामापुरतं बोलत. पोरं मात्र दिवसभर एकत्र खेळत.

त्या संध्याकाळी पाच वाजून गेले होते. चिनूचा नंदी लहान, परीचा मोठा. बोजाऱ्यासाठी पुढच्या घरी आधी कोण पोचतं म्हणून दोघं धावत सुटली. दोघांचे दोर एकमेकांत गुंतले, चिनूचा पाय अडकला आणि तो तोंडावर पडला, सरळ नालीच्या सिमेंटच्या काठावर. उठला तेव्हा तोंड रक्तानं भरलेलं होतं आणि वरचा समोरचा एक दात जागेवर नव्हता.

चिनूची आजी धावत बाहेर आली, मागून आई. आजीनं पोराला छातीशी धरलं आणि पहिलाच प्रश्न केला, "कोणं ढकललं रे तुले?"

चिनू हुंदके देत होता. त्यानं बोट दाखवलं. "परीचा नंदी मधात आला."

एवढं पुरे होतं. चिनूची आई नालीपलीकडे वळून म्हणाली, "पाहा तुमच्या पोट्टीनं काय केलं ते! माह्या पोराचा दात पाडला."

परीचे वडील ऑटो चालवतात. सणाचा दिवस म्हणून ते घरी होते. ते बाहेर येत म्हणाले, "ढकललं नाई जी तिनं. दोर गुंतला. आधी पोराकडे तर पाहा."

"आम्हाले नका शिकवू. नालीच्या वेळेसही तुम्ही असेच बोलले होते."

झालं. दात राहिला बाजूला, नाली वर आली. शेजारपाजारचे जमले. कोणी म्हणालं, पोरगी मुद्दाम आडवी गेली. कोणी म्हणालं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पोरगाच आधी ओढत होता. कोणीतरी घरातून मूठभर हळद आणून चिनूच्या हिरडीत दाबली. चिनू किंचाळला. बरोबर कोण आणि चूक कोण यावर इतकी माणसं बोलत होती, पण पोराच्या तोंडात स्वच्छ कापडाची घडी ठेवून त्याला ती चावून धरायला सांगावं, एवढं कोणाला सुचलं नाही.

दात नालीच्या कडेला धुळीत पडला होता. आजीलाच तो दिसला. तिनं वाकून उचलला. दुधाचा दात पडला की तो उंदराच्या बिळात घालायचा नाहीतर घरावर फेकायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा नवा दात मागायचा, ही रीत तिनं आपल्या पोरांच्या वेळी पाळली होती, नातवाच्या खालच्या दातांच्या वेळीही पाळली होती. पोरगा आठ वर्षांचा, म्हणजे दात पडायचंच वय. तिनं पदराचं टोक धरलं, दात पुसायला घेतला आणि टिनाच्या छपराकडे मान वर केली.

परी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिच्याबद्दलच सगळं बोलणं चाललं होतं आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं. ती एकदम पुढे आली. "आजी, टाकू नका. तो दुधाचा नाई. तो पक्का दात आहे." त्या गलक्यात तिचा आवाज कुठे ऐकू जातो! मग तिनं आजीच्या हातातून दात हिसकला आणि घरात धूम ठोकली.

"पाहा, पाहा! पळाली!" चिनूची आई ओरडली. "चोराच्या मनात चांदणं!"

परीच्या वडिलांनाही ते लागलं. पोरगी दात हिसकावून पळते म्हणजे काय? इतका वेळ तिची बाजू घेणारा माणूस गप्प झाला. लोकांना तर पुरावाच मिळाला.

आत स्वयंपाकघरात परीनं आईला म्हटलं, "मले थंड दूध दे."

हे तिला कसं माहीत, ते सांगायला हवं. सिंदी मेघेपासून थोड्याच अंतरावर सावंगी मेघे आहे. तिथे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे आणि त्याच आवारात शरद पवार दंत महाविद्यालय. दंतवैद्यकाची शिकाऊ मुलं-मुली आसपासच्या शाळांमध्ये जाऊन दात तपासतात, ब्रश कसा करायचा ते दाखवतात. परीच्या शाळेत अशीच एक तुकडी मोठा प्लास्टिकचा जबडा घेऊन आली होती. बाकीच्या पोरांच्या लक्षात तो जबडा राहिला. परीच्या लक्षात राहिलं ते एका ताईचं सांगणं: पक्का दात मुळासकट निघाला तर तो मेलेला नसतो. मुळाला हात लावायचा नाही, वरचा पांढरा भाग धरायचा. माती लागली असेल तर दुधानं नुसता विसळायचा, घासायचा नाही, पुसायचा नाही. जमलं तर लगेच त्याच खाचेत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर दुधात ठेवून दवाखाना गाठायचा.

आई म्हणाली, "दूध कायले? गिलासात पाणी घे ना."

"पाण्यात नाई ठेवत."

परी बरोबर होती. दाताच्या मुळावर अतिशय बारीक धाग्यांचं आवरण असतं. त्याच धाग्यांनी दात हाडाला धरलेला असतो. दात निघतो तेव्हा हे धागे मधूनच तुटतात आणि त्यांच्या जिवंत पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. हवेत त्या सुकतात. नळाच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून पाणी पेशींच्या आत शिरतं, त्या फुगतात आणि फुटतात. दुधातल्या क्षारांचं प्रमाण शरीरातल्या द्रवाच्या बरंच जवळचं असतं, म्हणून दुधात त्या काही तास तग धरतात. वर्धा हे गोरसपाकाच्या बिस्किटांचं आणि गाईचं दूध विकणाऱ्या गोरस भांडाराचं शहर. इथल्या घरात गाईचं दूध नाही असं सहसा होत नाही. औषध गंजात भरून ठेवलेलं असतं, ते औषध आहे हे तेवढं माहीत नसतं.

आईनं सकाळी तापवून गार केलेलं दूध एका स्टीलच्या डबीत ओतलं. परीनं दात पांढऱ्या भागाला धरून थोड्या दुधात विसळला, ते दूध टाकून दिलं आणि दात डबीतल्या दुधात सोडला. डबी दोन्ही हातांत धरून ती बाहेर आली तेव्हा भांडण नालीवरून फरशीपर्यंत पोचलं होतं. चिनूच्या आईनं तिला पाहताच हात उगारला. परी हटली नाही. तिनं डबी पुढे केली.

"काकू, आत्ताच्या आत्ता नेलं तर बसवतात. उशीर झाला तर नाई बसत."

डबीत दात होता. मूळ चांगलं लांब. गळून पडलेल्या दुधाच्या दाताला असं मूळ नसतंच. ते आधीच झिजून गेलेलं असतं आणि हातात नुसती टोपी येते. आजीनं तो पाहिला. तिनं आयुष्यभर दुधाचे दात पाहिले होते. हा वेगळा आहे हे तिला एका नजरेत कळलं.

परीच्या आईनं नवऱ्याला एवढंच म्हटलं, "ऑटो काढा."

इथे थोडं थांबून एक सांगतो. पोर पडलं की आपण आधी कोण चुकलं ते शोधतो, हे मी अनेक अंगणांत आणि शाळांत पाहिलं आहे. त्यामागे माया असते, हे मान्य आहे. पण निघालेल्या दाताच्या बाबतीत या मायेचा हिशेब मिनिटांत होतो. डेन्मार्कमध्ये येन्स आंद्रेआसन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं परत बसवलेल्या 110 दातांचा अभ्यास केला आणि 1966 साली तो प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी 90 टक्के दातांची मुळं शाबूत राहिली. दोन तासांहून अधिक वेळ तोंडाबाहेर राहिलेल्या दातांपैकी 95 टक्के दातांची मुळं हळूहळू झिजली. आजही दंतवैद्य पहिली पंधरा मिनिटं सोन्याची मानतात, आणि दात तासभर कोरडा राहिला की मुळावरच्या पेशी गेल्या असं धरून चालतात. चिनूच्या अंगणात पहिली दहा-बारा मिनिटं एकाच प्रश्नावर खर्च झाली, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरानं दाताचं काहीच भलं होणार नव्हतं.

ऑटोत मागे चिनू, त्याची आई, आजी आणि डबी धरलेली परी बसली. डबी दुसऱ्या कोणाकडे द्यायला ती तयार नव्हती. रस्ताभर कोणी बोललं नाही.

रुग्णालयात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं आधी डबी घेतली, दात सलाइनमध्ये ठेवला आणि मग केसपेपर पुढे ओढला.

"कसा पडला?"

आजी म्हणाली, "यांच्या पोट्टीनं..."

"ते नकोय मला, आजी. कशावर पडला ते सांगा. मातीत की सिमेंटवर?"

"सिमेंटवर जी. नालीच्या काठावर."

"किती वाजता?"

"सव्वापाच झाले असतील."

"बेशुद्ध झाला होता? उलटी झाली? डोकं दुखतं म्हणाला? धनुर्वाताची लस केव्हा झाली? दात किती वेळ कोरडा होता?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर परीनं दिलं. पेन चालत राहिलं. कुठे, केव्हा, कसा, किती वेळ, हे सगळं कागदावर आलं. कोणामुळे यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती. चिनूची आई ते पाहत होती. तिनं मान खाली घातली.

भूल दिल्यावर डॉक्टरनं आधी हळद धुऊन काढली. दाताच्या खाचेत साकळलेलं रक्त सलाइनच्या धारेनं काढलं, हाड कुठे मोडलं आहे का ते पाहिलं, क्ष-किरण फोटो घेतला. मग दात पांढऱ्या भागाला धरून हलक्या हातानं जागेवर सरकवला. तो बसला. ते पाहून आजीच्या तोंडून "माय वो" एवढंच निघालं.

आता बांधायचं काम होतं. डॉक्टरनं बारीक, अगदी लवचिक तार घेतली. ही तार 0.4 मिलिमीटरपर्यंतच असावी लागते. त्या दातावर आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर, पुढच्या अंगानं, दात भरायला वापरतात त्या पांढऱ्या मसाल्याचा एकेक ठिपका ठेवून तिनं तार चिकटवली आणि निळ्या प्रकाशानं तो मसाला पक्का केला. बोट लावून पाहिलं तर दात किंचित हलत होता.

चिनूची आई घाबरली. "घट्ट बांधा जी, मॅडम. पुन्हा निघाला म्हणजे?"

"घट्ट बांधला तर बिघडेल," डॉक्टर म्हणाली. "पूर्वी जाड तारेनं, महिना महिना आवळून ठेवायचे. मग कळलं की त्यानं नुकसानच होतं. दाताला थोडी हालचाल मिळाली तर तुटलेले धागे पुन्हा जुळतात. अजिबात हलू दिला नाही तर हाड मुळालाच येऊन चिकटतं आणि हळूहळू मूळ खाऊन टाकतं. याचा जबडा अजून वाढायचा आहे. बाकीचे दात जबड्यासोबत खाली येतील आणि हा चिकटलेला दात वरच अडकून राहील."

आजीचं आयुष्य बैलांच्या मागे गेलेलं. ती म्हणाली, "म्हणजे कासरा हातात ठेवायचा, पण ओढून नाई धरायचा."

"अगदी तसंच, आजी. दोन आठवडे."

मग तिनं आईला हेही सांगितलं, की प्रत्येक मार सारखा नसतो. दात न निघता नुसता बाजूला सरकला, किंवा आतून मूळ मोडलं, किंवा दाताभोवतीचं हाडच तडकलं, तर तार चार आठवडे ठेवावी लागते. मूळ हिरडीजवळ मोडलं असेल तर चार महिन्यांपर्यंतही. दाताचा नुसता तुकडा उडाला तर तो शोधून ओला ठेवून आणावा. पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. आणि दुधाचा दात मारानं निघाला तर तो मात्र परत बसवत नाहीत, कारण वर हिरडीत पक्का दात तयार होत असतो आणि त्याला इजा पोचू शकते.

आजीनं विचारलं, "मग दुधाचा घरावर टाकला तर चालते?"

"चालतं. पण आधी दाखवून घ्या."

चिनूचं वय त्याच्या बाजूनं होतं. वरचे समोरचे पक्के दात साधारण सात-आठ वर्षांच्या सुमाराला येतात आणि त्यांच्या मुळाचं टोक बंद व्हायला पुढे दोन-तीन वर्षं लागतात. टोक उघडं असेल तर दाताच्या आत पुन्हा रक्तवाहिन्या शिरण्याची आशा असते. म्हणून डॉक्टरनं लगेच रूट कॅनाल करायचं ठरवलं नाही, वाट पाहायचं ठरवलं. मोठ्या मुलाचा, मूळ पूर्ण झालेला दात असता तर दोन आठवड्यांच्या आत ते करावंच लागलं असतं. हमी मात्र तिनं दिली नाही. "दात जगेल असं मी म्हणत नाही. त्याला चांगली संधी मिळाली आहे, एवढं म्हणते." ती हे स्पष्ट बोलली हे मला फार आवडतं. खोटा दिलासा ऐकलेले आईबाप पुढच्या तपासण्यांना येत नाहीत, आणि या दुखण्यात खरं काम त्या तपासण्यांचंच असतं.

अँटिबायोटिकची बाटली, दोन वेळा चूळ भरायचं औषध, मऊ ब्रश, आणि दोन आठवडे पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. घरी सणाच्या करंज्या उरलेल्या होत्या. चिनूच्या वाट्याला मऊ खिचडी आणि वरण-भात आला. तो रुसला. परी रोज शाळेतून आली की नालीपलीकडून ओरडून विचारायची, "ब्रश केला का बे?" दुखतं म्हणून पोरं त्या जागी ब्रश लावत नाहीत, घाण साचते आणि हिरडी सुजते, हेही तिला त्या ताईनंच सांगितलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी नाली ओलांडून परीच्या घरी गेली. त्या घराच्या उंबऱ्यात ती कित्येक वर्षांत आलेली नव्हती. परीची आई गडबडून उठली. आजीनं पदराची गाठ सोडली, त्यातली नोट परीच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "काल तुहा बोजारा राह्यला." मग परीच्या आईनं चहा टाकला आणि आजी तो पिऊन आली.

दोन आठवड्यांनी तार निघाली. दात जागेवर होता, थोडा हलत होता, बोटानं हळू ठोकला तर शेजारच्या दातासारखाच आवाज देत होता. हा आवाज फार महत्त्वाचा असतो. हाडाला चिकटलेला दात ठोकला की उंच, धातूसारखा वाजतो. पुढे महिन्यानं, दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी तपासण्या झाल्या. सहा महिन्यांच्या फोटोत मूळ किंचित लांबलेलं दिसलं, म्हणजे दाताच्या आत जीव होता. डॉक्टरनं दोन्ही फोटो शेजारी ठेवून आजीला दाखवले. "आत्तापर्यंत छान. आता वर्ष झाल्यावर या, आणि मग दर वर्षी. निदान पाच वर्षं पाहावं लागेल."

परीच्या शाळेच्या बाईंनी तेव्हापासून प्रथमोपचाराच्या पेटीत झाकणाची एक स्वच्छ डबी ठेवली आहे. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं आहे, की अशी वेळ आली तर समोरच्या घरून वाटीभर दूध आणायचं, आणि पोर कोणाचं, कोणाशी खेळत होतं, ही चौकशी दवाखान्यातून परत आल्यावर करायची.

नालीचा अर्ज अजून ग्रामपंचायतीत पडून आहे आणि फरशी कोणी सरकवली यावर दोन्ही घरांचं एकमत झालेलं नाही. चिनूच्या पुढच्या तपासणीची तारीख मात्र त्याच्या आईनं परीच्या वडिलांना विचारून ठरवली, कारण त्या दिवशी सकाळी त्यांचा ऑटो शाळेच्या फेरीला असतो आणि दहानंतरच मोकळा होतो.